भावजींची पाचर

ईशान, तारा,

परवा फोनवर तुमची आई ताराला म्हणाली, "दादाच्या बेतात पाचर मारू नकोस," आणि तुम्ही दोघांनी मला विचारलंत, पाचर म्हणजे काय? शब्दकोशात लाकडाचा निमुळता तुकडा एवढंच मिळेल. कुऱ्हाडीचा दांडा सैल झाला की ती ठोकून घट्ट बसवतात आणि ओंडका फोडायचा असला तरी तीच ठोकतात. चांगल्या चाललेल्या कामात कोणी खोडा घातला तर त्यालाही पाचर मारली म्हणतात. मला मात्र या शब्दासरशी एक माणूसच दिसतो. तुमची आई त्याच्याविषयी विचारलं की हसून विषय बदलते, म्हणून मीच लिहून ठेवते.

हे माझे थोरले दीर. मी त्यांना भावजी म्हणायची, तुमची आई मोठे काका म्हणायची, आणि पाठीमागे सगळं घर पाचरकाका म्हणायचं. इथे शहरात, नारायणगुड्यात त्यांची लाकडाची वखार होती. इतरांच्या सदऱ्याच्या खिशात पेन असतं, यांच्या खिशात सागवानी पाचरी. कोणाकडेही गेले की आधी टेबल हलवून बघत. डुगडुगलं की चेहरा खुलायचा आणि पाचर बाहेर यायची. ज्या घरची टेबलं स्थिर असत, तिथे भावजी फार वेळ बसत नसत.

बोलण्यातही तोच धंदा. 'नाही' हा शब्द त्यांनी आयुष्यात वापरला नाही. ते म्हणत, "हौ, सगळं बरोबर आहे. फक्त एक गोष्ट." त्या एका गोष्टीने भलेभले बेत तडकले. आम्ही घरी टेलिफोन घ्यायचा म्हटलं, तेव्हा ते म्हणाले, "घ्या की. फक्त एक गोष्ट. लोक तुम्हाला फोन करतील." आमचा फोन लांबणीवर पडला. केबल टीव्हीला त्यांची हरकत अशी, की तो रात्रभर चालतो, मग बंद कधी करायचा? यावर कोणाला उत्तर सुचलं नाही. आमच्या घरात न सुचणं म्हणजे हरणंच होतं.

कारण घरचा रिवाज तसा होता. दर रविवारी सगळ्यांनी भावजींकडे जेवायचं आणि ताकभात झाला की ज्याचा जो बेत असेल तो त्यांच्यापुढे मांडायचा. ते "हं" म्हणाले की ठरलं. मी कॉलेजात इंग्रजी वादसभा गाजवून आलेली, पण त्या "हं"साठी मीही मान खाली घालून थांबत असे.

तेव्हा देशाने बाहेरच्या जगाला दारं उघडली होती. आबिड्सच्या बाजारातल्या दुकानांत रोज नवा परदेशी माल यायचा आणि भावजी म्हणायचे, "आल्या तशा जातील या कंपन्या." नेमकं त्याच वेळी तुमच्या आईला दोन नोकऱ्या चालून आल्या. एक सरकारी बँकेत, दुसरी शहराच्या टोकाला, कुकटपल्लीत टायरच्या दुकानावर थाटलेल्या नव्या कॉम्प्युटर कंपनीत. तिचा जीव दुसरीत होता. सोमवारी सकाळी दहाला हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार होती. आदल्या दिवशी, रविवारी, तिने बेत मांडला.

"कंपनी चांगलीच असेल, पोरी. फक्त एक गोष्ट. बंद पडली म्हणजे?"

"मग दुसरी बघीन, मोठे काका."

"ती बंद पडली म्हणजे?"

"तिसरी."

सगळे ताटाकडे बघू लागले. "हं" काही आलं नाही. तुमचे आजोबा हळूच म्हणाले, "दादा 'हं' म्हणाले नाहीत. उद्या राहू दे." तिने घरी येऊन साडीला इस्त्री केली.

संध्याकाळी भावजी आमच्याकडे चहाला आले. आमचं पुढचं दार वाऱ्याने वाजायचं. निघताना त्यांनी ते बाहेरून ओढून घेतलं आणि फटीत पाचर ठोकली. वाजणं थांबलं. सकाळी कळलं, की उघडणंही थांबलं. मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. कपट त्यांच्यात नव्हतं. आत माणसं आहेत आणि त्यांना कधीतरी बाहेर जायचं असतं, हा विचार त्यांना सुचलाच नसावा.

शेजारच्या रेड्डीबाईंनी आमचा आरडाओरडा ऐकून त्यांना बोलावून आणलं. ते हातोडी घेऊन आले, पण दारापाशी थांबले.

"पोरी, काढतो की पाचर. फक्त एक गोष्ट…"

"अन्ना, पैले दरवाजा तो खोलो, बातां बाद में करो!" रेड्डीबाई ओरडल्या.

आजोबा आत कालच्या पेपरात डोकं घालून बसले होते. मग मीच आतून बोलले. "भावजी, ती जाणार आहे. दारातून गेली तर तुमचा मान राहील. नाहीतर मी तिला खिडकीतून उतरवते, गल्लीदेखत."

"साडी नेसलीय ना ती?"

"म्हणूनच म्हणते, लवकर ठोका."

हातोडीचा ठोका पडला आणि दार उघडलं. भावजी हातातल्या पाचरीकडे कौतुकाने बघत म्हणाले, "काय बसली होती!" तिच्याकडे न बघताच पुढे म्हणाले, "बसनं पोचत नाहीस आता. ये, स्कूटरवर बस."

वाटेत त्यांनी तिला बुडालेल्या कारखान्यांची नावं ऐकवली. तिला वेळेत सोडलं आणि स्वतः समोरच्या चहाच्या हॉटेलात संध्याकाळपर्यंत बसून राहिले. परत येऊन मला म्हणाले, "आजचा दिवस तर टिकली कंपनी."

पुढे ती कंपनी खरोखर बंद पडली. इतके खूश झालेले भावजी मी कधी पाहिले नव्हते, पेढे तेवढे वाटले नाहीत. तुमची आई तोवर दुसरीत लागली होती. तिसरीने तिला तुमच्या त्या देशात नेलं. निघायच्या दिवशी ती पाया पडली तेव्हा भावजी म्हणाले, "जा. फक्त एक गोष्ट." ती थांबली. आम्ही सगळेच थांबलो. त्यांनी ती गोष्ट बराच वेळ शोधली, मग म्हणाले, "काही नाही. जा." त्यानंतर तिची आणि त्यांची भेट झाली नाही.

वखारीच्या जागेवर आता फ्लॅट आहेत. त्यांतल्याच एकात त्यांचा मुलगा राहतो आणि रविवारचं जेवण अजून तिथेच असतं. घरातल्या मुली काय ठरवलं ते ताटावर बसतानाच सांगून टाकतात आणि मग जेवायला सुरुवात करतात.