चिंगीचं वजन

अक्काचं लग्न होऊन ती कबनूरला गेली, त्याच वर्षी आमची चिंगी लंगडायला लागली. एकोणीसशे पन्नासनंतरची गोष्ट... आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत राहत होतो आणि मी मॅट्रिकच्या वर्गात होतो.

चिंगी म्हणजे अक्काची कुत्री. आखूड पायांची, लांब अंगाची, एवढीशी. सासरी निघताना माझी थोरली बहीण सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली आणि मला फक्त म्हणाली, "चिंगीला बघ रं."

त्यानंतर चिंगी दारातच बसून राहायची. आधी पायरी चढेना, मग उठताना कण्हायला लागली.

आमच्याकडे तेव्हा कुठल्याही दुखण्याचं पहिलं औषध म्हणजे खुराक. शेजारच्या काकांची उमेदीची वर्षं तालमीत गेलेली, त्यांना सगळे पैलवानच म्हणत. त्यांनी तिचे मागचे पाय दाबून पाहिले आणि सांगितलं की पायात ताकद नाही, दूध वाढवा... म्हशीचं धारोष्ण दूध, तेही ते स्वतःच आणून द्यायचे, त्यात तूप लावलेली भाकरी कुस्करून. ती लंगडायची, आम्ही घालायचो. ती आणखी लंगडायची, आम्ही आणखी घालायचो.

नागपंचमीला अक्का माहेरी येणार होती. पण सासूबाई आजारी पडल्या आणि आता दिवाळीलाच, असा निरोप आला. त्याच आठवड्यात एका सकाळी चिंगीला उठताच येईना.

सायकलच्या हँडलला पिशवी, पिशवीत चिंगी, असा मी कसबा बावड्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. अंगणात सगळे बैल आणि म्हशी. एकाने पिशवीकडे बघून विचारलं, "काय पावणं, कोंबडी आणलीसा व्हय?"

डॉक्टरांनी तिचे सांधे हलवून पाहिले, मग बरगड्या चाचपल्या. बोटांना बरगड्या लागेनात. सांधे मुळातच कच्चे आणि त्यांवर एवढा भार, म्हणाले. असंच चाललं तर दिवाळीपर्यंत ती उभी राहणार नाही.

मी म्हटलं, उद्यापासून उपाशी ठेवतो.

"तिला एकादशी घडवू नका," ते म्हणाले. "सावकाश उतरवा. घाई केली तर दुसरंच दुखणं लागंल."

त्यांनी सांगितलेलं अजून लक्षात आहे... घास थोडा थोडा कमी करत न्यायचा. तूप, गूळ, साय बंद. भाकरी निम्मी, बाकी उकडलेला दुधी. सकाळ-संध्याकाळ मऊ मातीवर थोडंसं चालवायचं आणि दमली की तिथेच थांबायचं. पायऱ्या नाहीत, उड्या नाहीत. अधूनमधून आणून दाखवायचं.

सगळं केलं. महिना गेला, चिंगी तशीच गोल. डॉक्टरांनी मला सरळ विचारलं, घरात कोण घालतंय?

वडिलांचा संशय पैलवान काकांवर. वडील शाळेत शिक्षक, विचारायचं तेही आडून विचारलं. पण काकांना लागलं. "मास्तर, दूध कवाच बंद केलंय मी. आता काय हात हुंगून बघताय?" त्यानंतर बरेच दिवस ते आमच्या कट्ट्यावर बसले नाहीत.

मग एका दुपारी शाळा लवकर सुटली. घरात आलो तर आई चुलीपुढे बसलेली, भाकरीचा तुकडा मोडून चिंगीला भरवत होती. कोरडी भाकरी... तूप नाही, दूध नाही. चिंगी तिच्या मांडीवर मान टाकून खात होती.

मी बघतच राहिलो. आईने हात मागे घेतला नाही.

"पीठ घेतलं की हात अक्कापुरतं बी घेतोय रं," ती म्हणाली. "मग ती भाकरी कुणाला वाढू?"

रात्री मी वडिलांना सांगितलं.  दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वयंपाकघरात गेले, जिथे ते कधी पाऊल टाकत नसत. डब्यातून अक्कापुरतं वगळून पीठ काढलं, परातीत टाकलं आणि बाहेर आले. पुढे रोज पीठ तेच काढून द्यायचे... बऱ्याच दिवसांनी एकदा आईच म्हणाली, राहू द्या, आता जमतंय.

चिंगी हळूहळू उतरली. पोटाखाली थोडी कंबर दिसायला लागली, मग हाताला बरगड्या लागल्या. संध्याकाळी आईच तिला घेऊन मैदानाच्या कडेने चालायची. दोघी सावकाश. चिंगी थांबली की आईही थांबायची आणि रस्त्याकडे बघत राहायची.

वसुबारसेच्या संध्याकाळी अक्का आली. चिंगी फाटकापर्यंत चालत गेली. पाय थोडा ओढत होती, पण चालत गेली... अक्काने तिला उचललं आणि ती ओरडलीच, "किती हलकी झालीया ही! खायाला घालत न्हाईस व्हय गं आई?"

आम्ही सगळे हसलो. आईसुद्धा.

रात्री पानं मांडली. गप्पांच्या नादात जेवणं चालली होती आणि आईने वाढायला भाकऱ्यांच्या बुट्टीत हात घातला तर बुट्टी रिकामी. भाकरी कमी पडली होती. ज्या लेकीसाठी महिने मोजले ती समोर बसलेली आणि नेमकी तिचीच भाकरी केली नव्हती.

आई बुट्टीकडे बघत राहिली. मग तिने पदर तोंडाला लावला.

"असू दे गं," अक्का म्हणाली. "मी आता पावणी की."

आईने चूल पुन्हा फुंकली, भाकरी थापली. अक्काने ती तव्यावरून घेतली तशी गरम गरम खाल्ली. 

चिंगी पुढे पुष्कळ जगली, शेवटपर्यंत आपल्या पायांवर चालली. त्याबद्दल त्या डॉक्टरांचे उपकार आहेतच... पण अक्का सासरी गेली, हे मला तिच्या लग्नात कळलं नव्हतं. ते कळलं ती घरी आली त्या रात्री.