महागाईचं नाक

पानठेल्यावर उभा राहिलो की मी गल्लीतल्या मांजरीचं लग्नसुद्धा हातवारे करून रंगवतो. ही एक गोष्ट मात्र कधी तोंडातून निघाली नाही. आता ती वागवून थकलो – म्हणून तुम्हाला सांगतो.

रॉकेलच्या रांगांची ती वर्षं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या इतवारी पेठेत मारबतीची, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या बाईच्या पुतळ्याची, मिरवणूक निघते, सोबत गल्लोगल्लीचे बडगे. वर्षभर जे छळतं त्याचा कागदी पुतळा करायचा, नाचवायचा आणि गावाबाहेर नेऊन जाळायचा. आमच्या गल्लीचा बडग्या मी करायचो. आतला बांबूचा सांगाडा लहानूबाबांचा – टोपल्या-सुपं विणणारे बुरूड, माझ्या बापाच्या वयाचे. या कामाची ते वर्षभर वाट पाहायचे.

त्या वर्षी आम्ही महागाई केली. दोन पुरुष उंच! सगळं जमलं, नाक जमेना. तीनदा सोललं, तीनदा चिकटवलं. दुपारी जळणाऱ्या पुतळ्याचं नाक – हसा, हसा. पण आधी सगळी इतवारी ते बघणार होती ना? सकाळी ढोल वाजले, माणसं बडग्या उचलायला आली. आणि मी – कसं सांगू – पुतळ्याच्या मागे गेलो आणि कण्याची सुतळी चाकूने कापली.

महागाई तोंडावर पडली. सांगाडाच कच्चा होता, असं मी ओरडून सांगितलं. नाटक तर मला येतंच.

लहानूबाबा भांडले नाहीत. खाली बसले, सुतळी उचलली, पाहिली. मग म्हणाले, "माह्याकडूनच ढिली राहिली असन गा. हात थकले आता."

पुढल्या वर्षी त्यांना कोणी बोलावलं नाही. मीही नाही. सांगाडा दुसऱ्याने बांधला, नाक वाकडंच राहिलं, आणि मी तसाच बडग्या बाहेर काढला. लोक पोट धरून हसले. नाकाकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. तेव्हापासून जसं जमेल तसं लोकांपुढे ठेवतो. लहानूबाबा त्या दिवशी गर्दीत उभे होते; मी दुसऱ्या बाजूने गेलो. पुढे ते वारले.

तुटलेल्या सुतळीचं टोक पिंजलेलं असतं. कापलेलं सरळ असतं. जन्मभर बांबू बांधणाऱ्याला हे कळलं नसेल? त्या सकाळी बोलताना त्यांनी ते टोक मुठीत मिटून घेतलं होतं – गल्लीला दिसू नये म्हणून.