उसाचं कांडकं, उजवा अंगठा आणि इंदापूरहून परत

जळोचीहून सायकलने इंदापूरला जाऊन त्याच दिवशी परत यायचं ठरवलं, तेव्हा घरातून एकच अट होती. मागच्या वर्षी माझं कॉलरबोन मोडलं, तेव्हा पप्पांनी मला आणि सायकलला गाडीत घालून आणलं होतं. "परत आणायला यावं लागलं, तर सायकल विकायची," असं त्यांनी हाड जुळल्यावर सांगितलं. अट स्पष्ट होती. मी मान्य केली.

जाताना रस्ता सोपा आहे. लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी, मग इंदापूर. चढ नावापुरते. हिवाळ्यात जा, पण तेव्हा कारखाने सुरू असतात, म्हणून उसाच्या ट्रॉल्यांपासून लांब राहा. रस्त्याच्या कडेला बाभळीचे काटे असतात. मला अंथुर्ण्याच्या अलीकडे एक मिळाला. ट्यूब बदलली. निमगावचे पानमळे थांबून बघण्यासारखे आहेत. इंदापुरात स्टँडजवळ मिसळ खाल्ली. तिखट असते, ताक आधीच मागून ठेवा.

परतताना लासुर्णे ओलांडल्यावर पुढच्या ट्रॉलीतून एक ऊस निसटला. वरचा सल्ला मी स्वतः पाळत नव्हते. समोरून वारा होता आणि मी ट्रॉलीच्या आडोशाला होते. ऊस चाकाखाली आला, उसळला आणि मागच्या डिरेलरला, म्हणजे गिअर बदलणाऱ्या भागाला, चाकाच्या तारांत घेऊन गेला. मी उजव्या हातावर पडले. आधी कॉलरबोन चाचपलं. शाबूत होतं. अंगठा मात्र फुगायला लागला होता.

पुढचा ट्रॅक्टर निघून गेला. मागचा थांबला.

"ताई, टाका सायकल उसावर. कारखान्यापर्यंत सोडतो."

"नको."

"बरं झालं. वजनकाट्यावर तुमालाबी उसातच मोजलं असतं," ड्रायव्हर म्हणाला आणि गेला.

कारखान्यावरून न्यायला पप्पांनाच यावं लागलं असतं. त्यापेक्षा डिरेलर काढायचं, चेन तोडून आखूड करायची आणि एकाच गिअरवर घरी जायचं, एवढं काम होतं. डिरेलर डाव्या हाताने निघालं. चेन तोडायच्या हत्याराची मूठ मात्र उजव्या अंगठ्याशिवाय वळेना.

शेजारच्या गोठ्यातून एक मावशी धारेची बादली घेऊन बघत होत्या.

"हाड मोडलं का गं?"

"नाही. मुरगळलंय."

"आण हिकडं. म्हशीची धार काढणारा हात हाय ह्यो."

त्यांनी मूठ धरली. चेनची पिन पूर्ण बाहेर पडली तर परत बसत नाही, म्हणून मी सूचना देत राहिले. अजून थोडं. हळू. थांबा.

"म्हस बी एवढं सांगत न्हाय," मावशी म्हणाल्या.

चेन तुटली, जुळली, फिरली. मावशींनी अंगठ्यावर हळद-चुना थापला. टायर काढायची प्लास्टिकची पट्टी आधाराला लावून मी फडकं बांधलं, त्यावर कसाबसा हातमोजा चढवला. ज्या उसाने मला पाडलं, तो तोवर म्हशीने संपवत आणला होता.

"कुणाची गं तू?"

"जळोचीची."

"जळोचीत कुणाची?"

मी असं सांगत नाही, बातमी आपल्याआधी घरी पोचते. पण त्यांचे हात माझ्या ग्रीसने काळे झाले होते आणि म्हैस धारेसाठी ओरडत होती. सांगितलं.

"आगं, माझी नणंद तितंच दिलीय की!"

एका गिअरवर घर गाठणं शक्य आहे. गंमत नाही. चढावर पाय अडकतात, उतारावर पेडल उगाच फिरतं. दोनदा उतरून चालले. दिवेलागणीला घरी पोचले.

पप्पा ओट्यावर पेपर वाचत होते. सकाळचाच.

"झालं इंदापूर?"

"झालं."

"अंगठा दाखव. उजवा."

हातमोजा अजून हातावर चढवलेलाच होता. मी गाडीकडे बघितलं. बॉनेटवर डावा हात ठेवला. गरम होतं. मागच्या सीटवर दोरी पडलेली होती, सायकल बांधायची.

"कुठे गेला होतात?"

"पेट्रोल टाकायला," ते म्हणाले. गाडी डिझेलवर चालते.

अट मला आणायला यावं लागण्याची होती. ते आले असतील, पण यावं लागलं नव्हतं. मी सायकल जिन्याखाली लावली.

नवं डिरेलर बसवलंय. घट्ट बरणी उघडताना अंगठा अजून दुखतो. दोरी गाडीतच आहे. मी काढलेली नाही, त्यांनीही नाही.