हातपंपावर ठेवलेला ठपका

ती घटना विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. दक्षिण नागपुरातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपली आणि कुहीकडच्या खेड्यातलं एक जोडपं तक्रार अर्ज घेऊन समोर उभं राहिलं. मनीषनगरातल्या एका दवाखान्यात टेस्ट ट्यूब उपचारात बाईंच्या गर्भाशयात दुसऱ्यांदा गर्भ सोडला होता, तोही राहिला नाही. चौथ्या दिवशी सून हातपंपावर पाणी भरायला गेली म्हणून तो गेला, असं सासूचं म्हणणं. नवरा मान खाली घालून म्हणाला, "माय म्हणते, हिले माहेरी धाडून दे."

खरं सांगतो, मी वैतागलो. असे उपचार कधी यशस्वी होतात, कधी नाही. त्यात पोलिसांनी काय करायचं? पण बाई हटेनात. "साहेब, मले फक्त येवढंच सांगा, माह्या हातून गेलं का?"

जबाब घेतला. सहीआधी तो मोठ्याने वाचून दाखवायचा हा माझा शिरस्ता. हवालदार हसायचे, "झालं, साहेबांचं कीर्तन सुरू!" त्याच वाचनात बाईंनी मला अडवलं. "मांगच्या वेळेस पाणी पाजलं होतं, पोटावर मशीन फिरवून टीव्हीवर पांढरा ठिपका दाखवला होता. या टायमाले काहीच नाही. दोन मिनटांत म्हणे, झालं."

मी कान टवकारले. डॉक्टरांना विचारलं, तर उत्तर गुळगुळीत: "पद्धत दर वेळी सारखी नसते." मी वैद्यकीय समितीकडे अभिप्रायासाठी पत्र पाठवलं आणि दवाखान्याच्या प्रयोगशाळेत गर्भ सांभाळणाऱ्या तरुणीला चौकशीला बोलावलं. पोरगी आधीच घाबरलेली होती. दरडावण्यात अर्थ नव्हता. चहा मागवला आणि म्हटलं, "तुमचं रोजचं काम मला शिकवा."

ती सांगत गेली. गर्भ बारीक नळीत भरून डॉक्टरांच्या हाती द्यायचा. सोडून झाला की नळी परत घ्यायची, गर्भ आत चिकटून राहिला नाही ना, ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं.

"त्या दिवशी नळीत काय दिसलं?"

तिनं चहाचा कप बाजूला सरकवला. मग ती रडायलाच लागली. "नळी परत आलीच नाही सर. मी भरलीच नव्हती. गोठवलेले दोन्ही गर्भ बाहेर काढताना मेले. डॉक्टर म्हणाले, दवाखान्याचं नाव खराब होईल, राहिला नाही म्हणून सांगू."

खोटं बोलणारा माणूस मोठी गोष्ट नीट रचतो, रोजची बारीकसारीक कामं मात्र त्याच्याकडून राहून जातात. समितीचा अभिप्राय आला, फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला.

मी मुद्दाम सासूलाही ठाण्यात बोलावलं. सगळ्यांसमोर, जरा तोऱ्यातच म्हणालो, "आजी, सुनेचा काडीचाही दोष नाही. तिच्या पोटात गर्भ ठेवलाच नव्हता."

बाईंच्या डोक्यावरचं ओझं उतरेल असं मला वाटलं होतं. पण त्या माझ्याकडे वळल्या.

"मंग पंधरा दिवस पोटावर हात ठेवून मी कोणासंग बोलत होती, साहेब?"

सासूनं तिला कुशीत घेतलं. दोघी रडत होत्या, आणि मला कुठे बघावं कळेना. इतकी वर्षं मी निर्दोष ठरलेल्या माणसांचे चेहरे खुलताना पाहिले होते, त्यामुळे इथंही तसंच होईल असं धरून चाललो. चुकलो. सासूला गप्प करण्याच्या भरात मी ते सांगून टाकलं. आधी बाईंना एकट्यांना, जवळ बसवून सांगायला हवं होतं.