कुंचीतली सुई

सात वर्षं मी एका बाईचं नाव माझ्या चुकीपायी खराब होऊ दिलं.

त्या बाई आज पहाटे गेल्या. सेनगावात आम्हा पोरींना कशिदा शिकवणाऱ्या आमच्या सुमनकाकू.

सकाळपासून सगळ्यांच्या स्टेटसला त्यांचा फोटो आहे.
मी टाकला नाही. हिंमत होत नव्हती.

काकूंच्या ओसरीवर मी साखळी टाका शिकले, गहू टाका शिकले. काजाचा टाका तर उसवून उसवून शिकले. चुकलं की काकू ओरडायच्या नाहीत, नुसती कात्री पुढे सरकवायच्या. त्या कात्रीची भारी धास्ती होती आम्हाला.

तान्ह्या लेकराच्या कपड्याला त्यांचे नियम वेगळे. दोऱ्याला गाठ मारायची नाही, ती टोचते. दोन-तीन बारीक धावदोरे घालून सुरुवात करायची.
आणि सुई बिनदोऱ्याची कधी ठेवायची नाही.

"दोरा दिसतो माय, सुई दिसत न्हाई."

लग्नानंतर मी त्यांच्याच हाताखाली काम करू लागले. ऑर्डर त्यांच्या नावावर यायच्या, निम्मं काम मी करायचे.

जवळच्या गोरेगावहून एका बारशाच्या कुंचीची ऑर्डर आली होती. डोक्यावरून पाठीपर्यंत हिरवा खण, आत मऊ अस्तर.
कडेची साखळी मी संपवली, दोरा कापला, तेवढ्यात फोन वाजला. सुई अस्तरात टोचली आणि विसरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाची आत्या काकूंच्या घरून कुंची घेऊन गेली.

दुपारी डबीत एक सुई कमी निघाली.

सतरंजी झटकली, केरात हात घातला. नाही.
आत्याला फोन लावला. उचलेना. बारशाच्या गडबडीत कोण फोन उचलतं?

खरं सांगते, लेकराच्या आधी मला माझीच भीती वाटली. लोक काय म्हणतील. सासरचे शिवण बंद करतील. म्हटलं, नसेलच कुंचीत, गप्प बसावं.

पण पाय काकूंच्या घराकडे वळले.

काकूंना दमा. त्या आडव्या पडल्या होत्या. ऐकलं आणि उठून चप्पल घातली.

"काकू, तिथं नसली तं?"
"नसली तं बरंच. चल, जीप भेटंल."

जीपमध्ये माझ्या डोळ्यांसमोर काय काय येत होतं, ते आजही लिहवत नाही. काकूंना धाप लागली होती. तरी माझं मनगट घट्ट धरून बसल्या होत्या.

पोचलो तेव्हा बाळाला पाळण्यात घालत होते. अंगात कुंची.

काकू दारातूनच म्हणाल्या, "आधी लेकराची कुंची काढा. आतमधी सुई राहिली."

गाणं मध्येच थांबलं.

काकूंनी कुंची उलटी केली, अस्तरावरून हळूहळू तळहात फिरवला. मानेपाशी थांबल्या.
सुई तिथंच होती.

बाळाला ओरखडासुद्धा नव्हता. झोपेतच होतं ते.

बाळाची आजी संतापली. "कोण केलं हे?"

मी भिंतीला टेकून उभी.

"माझ्याकडून झालं," काकू म्हणाल्या. "आता बराबर दिसत न्हाई मला."

त्यानंतर त्यांच्याकडे लहान लेकरांचं काम येईनासं झालं. वर्षभरात बाकीचंही थांबलं. ते सगळं माझ्याकडे आलं, आणि मी ते घेतलं.

एकदा मी म्हणाले, "काकू, मी सांगते त्या लोकांना खरं काय ते."
"काहून? तुला अजून लई शिवायचंय. माझं झालं शिवून."

मी लगेच ऐकलं. मला तेच ऐकायचं होतं.

आज त्यांच्या दारात बायका म्हणत होत्या, हात सोन्याचा होता, पण शेवटी नजर गेली बिचारीची.
मी मान खाली घालून बसले. तिथंही घाबरले.

आता घरी येऊन हे लिहितेय. उद्या कुणी माझ्याकडे बाळाचं झबलंसुद्धा टाकणार नाही कदाचित. नका टाकू.

गोरेगावच्या ताई, तुमची मुलगी आता शाळेत जात असेल.
काकूंना शेवटच्या महिन्यापर्यंत चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवता येत होता.
तुमच्या लेकीच्या मानेपाशी ती सुई मी ठेवली होती.

काकू, तुमचं ऐकायला नको होतं मी.
निवांत जा. माझा शेवटचा नमस्कार.