गच्चीवरचं हिरवं पाणी आणि ताईंची कवळी

आमच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर, कवळीवाले राहतात. तळमजल्यावरच्या एका खोलीत त्यांचा कारखाना आहे. दाताच्या डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांचे ठसे येतात आणि हे त्यावरून कवळ्या करून देतात. समोर कोणी आलं की आधी दात बघायचे, मग चेहरा, ही त्यांची सवय. त्यामुळे त्यांच्याशी बोलताना मी हसत नाही.

बरीच वर्षं बरं चाललं होतं. मग मशीनवर कवळ्या करणारे निघाले, कामं आटली, आणि कवळीवाले दिवसभर खिडकीत बसायला लागले. धडधाकट पुरुष खिडकीत बसायला लागला की घरच्या बाईला धडकी भरते. इथे घरची बाई म्हणजे त्यांची मोठी बहीण, आम्हा सगळ्यांच्या ताई. त्यांचं वेगळंच रडगाणं होतं. जुनी कवळी ढिली झालेली, चावता काही येईना, पेजेवर राहून बाई वाळून काडी झाल्या होत्या.

ठसा घ्यायची पूड समुद्रातल्या शेवाळापासून होते, हे कवळीवाले येताजाता ऐकवायचे. पाण्यात कालवली की बघता बघता रबरासारखी घट्ट. एवढ्यावर थांबतील तर शपथ. "वहिनी, तुमचं ते आइस्क्रीम भराभरा वितळत नाही ना, त्यातसुद्धा शेवाळ असतं. टूथपेस्टमध्येही." माझं आइस्क्रीम तिथंच संपलं. टूथपेस्ट तेवढी सोडली नाही, नाइलाज म्हणून.

या शेवाळप्रेमातून त्यांना खायच्या शेवाळाचा शोध लागला. स्पिरुलिना म्हणतात त्याला. गच्चीवर मोठमोठे टब आले. पाणी, खायचा सोडा, मीठ आणि कुठून तरी मागवलेली शेवाळाच्या विरजणाची हिरवी बाटली. सकाळी उठायचं, लाकडी दांड्यानं ढवळायचं, फडक्यातून गाळायचं आणि तो हिरवा लगदा वाटीत घालून ताईंपुढे ठेवायचा. स्वतःही खायचे. काही दिवसांत त्यांच्या दातांच्या फटींत अशी हिरवळ दिसायला लागली, की आमच्या मजल्यावर त्यांचं नाव 'लॉन' पडलं.

आणि ताई खरंच सुधारल्या. गालफडं भरली, जिना चढताना थांबेनाशा झाल्या. कवळीवाले फुशारले. "बघा, शेवाळाची किमया," म्हणत जो दिसेल त्याला वाटी दाखवायचे. मी मात्र ताईंच्या बाल्कनीतले गुलाब बघत होते. एवढे माजलेले गुलाब मी जन्मात पाहिले नव्हते. पण बोलले नाही. एकदाच काय ते गप्प राहिले असेन.

उन्हाळा तापला तसं टबांतलं पाणी फिकं पडलं. आता नवी बाटली मागवायची की नाही? पण हातातली सवय आड आली. कवळीच्या कामात मेण कमी पडलं की उरलंसुरलं गोळा करून त्यातच वितळवतात, वाया काही घालवत नाहीत. ह्यांनी तोच हिशेब इथे लावला. जवळच्या बागेतल्या तळ्यावर हिरवी दाट साय आली होती. बादली घेऊन जाताना लोक हसतील म्हणून बागेच्या मागच्या फाटकानं गेले, बादली भरली आणि घरी येऊन टबांत ओतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दारात उभे. कोपरापर्यंत दोन्ही हात लालेलाल.

"वहिनी, मलम आहे का? खाज सुटलीय. पोटातही मळमळतंय."

"काय केलंत?"

"काही नाही हो. तळ्यातलं थोडं शेवाळ आणलं, टबांत भर म्हणून."

मी रोज कुत्र्याला घेऊन त्या तळ्यावरून जाते. पुढच्या फाटकावर हातभर पाटी आहे. म्हटलं, "अहो, तिथं पाटी लावलीय, हिरवा तवंग विषारी आहे, कुत्र्यांना पाणी पाजू नका म्हणून."

त्यांचा चेहरा टबासारखाच फिका पडला. "ताईनं आत्ताच वाटी संपवली," एवढंच म्हणाले आणि वर धावले. मागून मी, हातात मलम.

ताई खुर्चीत बसून पाय हलवत होत्या. पुढे वाटी, चाटूनपुसून स्वच्छ.

"ताई, उठ. डॉक्टरकडे जायचंय. ते विषारी होतं."

"मला काही झालेलं नाही. तू आपला जा, तोंड बघ तुझं."

"या वयात अंगावर काढू नकोस. उठ म्हणतो ना."

"अरे बाळा, मी खाल्लंच नाही."

"मला धीर द्यायला काहीही सांगू नकोस."

"नाही रे. रोज गुलाबाला घालते. पहिल्या दिवशी एक चमचा खाल्ला, तेव्हा कळलं, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही."

त्यांचा विश्वास बसेना. डोळ्यांत पाणी आलेलं. मग एकदम हात पुढे केला. "कवळी काढ."

ताईंनी कवळी काढून दिली. ही नवी कवळी त्यांनीच, टब आणले त्याच सुमारास, ताईंसाठी केली होती. खिडकीपाशी नेऊन ते ती उलटसुलट करून बघू लागले. दातांमधल्या फटी, हिरड्यांच्या कडा, मागची बाजू. हिरव्या रंगाचा टिपूस नाही. रोज वाटीभर शेवाळ खाणाऱ्या माणसाच्या तोंडात असली पांढरीशुभ्र कवळी राहूच शकत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार.

त्यांचा जीव भांड्यात पडला, पण तोंड मात्र फुगलं.

"एवढे महिने मला फसवलंस."

ताई बिनदातांच्या तोंडानं म्हणाल्या, "तू खिडकीतून उठलास ना? मग माझं काय जात होतं."

मी कवळीवाल्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी औषध दिलं आणि लक्ष ठेवायला सांगितलं. बरे झाल्यावर कवळीवाल्यांनी हातमोजे घालून टब रिकामे केले आणि ब्लीचिंग पावडरनं घासले. कुंड्यांतली माती बदलली.

नंतर एकदा ताई बाल्कनीत भाजलेले दाणे कुडुमकुडुम खात बसल्या होत्या. कवळीवाले बराच वेळ त्यांच्या जबड्याकडे बघत होते.

"पण ताई, या कवळीचं माप शेवाळातच घेतलं होतं. म्हणजे तब्येत सुधारली ती शेवाळानंच."

"हो रे हो," ताई म्हणाल्या. "पण ते मला गिळायला नव्हतं लावलंस."

कवळीवाल्यांनी दाण्यांचा वाडगा त्यांच्याकडे सरकवला आणि नवी बाटली मागवायला आत गेले. गुलाबांसाठी, असं म्हणाले.