बोलणी खायला येणारी माणसं

आरेकिपा शहरातल्या आमच्या बाजारात रसवाल्या बायकांची एक अख्खी रांग आहे. सगळ्यांचे पांढरे एप्रन, सगळ्यांपुढे पपई-अननसाचे ढीग, आणि सगळ्या एकाच वेळी हाका मारतात. सेनोबिया तेवढी हाका मारत नसे. ती गिऱ्हाइकांना झाडायची. सर्दी झालेली असताना बर्फ मागणाऱ्याला, उपाशीपोटी कामाला निघालेल्याला, बायकोशी भांडून आलेल्याला, सगळ्यांना. आणि झाडता झाडता मिक्सरच्या भांड्यात उरलेला रस न मागता पेल्यात पुन्हा ओतायची. या वरच्या रसाला आम्ही यापा म्हणतो. तिची नेहमीची माणसं म्हणायची, सेनोबियाकडे दोन यापा मिळतात, एक पेल्यात आणि एक कानात.

मी समोरच्या गाळ्यावर औषधी पाला विकते. माझं नाव लुस्मिला. जे घडलं ते माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

बेनिग्नो मास्तर तिचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक. शिंपी होते, नजर गेल्यावर दुकान बंद केलं. रोज सकाळी कोपऱ्यातल्या उंच स्टुलावर बसून पपईचा रस घ्यायचे आणि बायको ओर्तेन्सियासाठी एक बाटली भरून न्यायचे. ओर्तेन्सिया गेली त्यानंतर पंधरवडाभर ते फिरकले नाहीत. मग एके दिवशी आले ते गालफडं बसलेली, दाढी वाढलेली. पेला पुढ्यात घेऊन नुसते बसून राहिले. सेनोबियाने पेल्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि तिचं तोंड सुटलं.

"बाई गेली तुमची, मास्तर, तुम्ही नाही गेलात. पोटाला काय कळतंय कोण मेलं ते? आधी गिळा. मग रडा काय रडायचं ते. मी आहे इथे."

मास्तरांना हुंदका फुटला. रडता रडता त्यांनी तो पेला संपवला, तिने यापा ओतला, तोही संपवला. मी मान फिरवून पुदिन्याच्या जुड्या बांधत राहिले. शेजारच्या स्टुलावर कॉलेजातली एक मुलगी फोन धरून बसली होती. फोन धरून तर हल्ली सगळेच बसतात, त्याच्याकडे कोण लक्ष देतं?

आठवड्याभरात ते बोलणं गावभर झालं. रसाच्या रांगेत पलीकडच्या टोकाला बसणाऱ्या नेलीने आम्हाला फोनवर त्याचा व्हिडिओ दाखवला. चेहरे दिसत नव्हते, नुसता पेला आणि सेनोबियाचे हात. आवाज मात्र स्वच्छ. लोकांनी तो आवाज उचलला होता आणि कशालाही लावला होता. जेवणाकडे पाठ फिरवून बसलेलं मांजर, आणि वर सेनोबिया: आधी गिळा, मग रडा. हरलेला फुटबॉल संघ, परीक्षेत नापास झालेलं पोर, लग्नाच्या केकसमोर रडणारी नवरी, सगळ्यांवर तीच. मग त्याचे टी-शर्ट आले, कप आले. बाजाराच्या दारातला चार्जर विकणारासुद्धा तेच ओरडून माल खपवायला लागला.

सेनोबियाला सुरुवातीला फार मजा वाटली. का वाटू नये? तिच्या आईने त्याच गाळ्यात जन्म घालवला, तिला बाजाराबाहेर कुणी ओळखत नव्हतं. हिने केस रंगवले, एप्रनला कडेने भरतकाम करून घेतलं. आणि माणसं यायला लागली.

बोलणी खायला यायची ती. दूरदूरच्या वस्त्यांतून यायची, रांग लावायची, स्टुलावर बसून फोन समोर टेकवायची आणि म्हणायची, मावशी, मला पण झाडा. सेनोबिया बिचारी आधी खरंच विचारायची, काय झालं बाळा म्हणून. एकाची नोकरी गेलेली असायची, एकीची आई स्पेनला म्हाताऱ्यांची शुश्रूषा करायला गेलेली आणि घरात ती एकटी, एकाला मुलीने सोडलेलं. सेनोबिया ऐकून घ्यायची, मनापासून बोलायची. त्यावर ते म्हणायचे, असं नाही, ते गिळावालं बोला. बोलून झालं की म्हणायचे, परत एकदा, फोन चालू नव्हता. मग निघून जायचे आणि पेला तसाच अर्धा. रस टाकून देताना तिचा जीव तुटायचा.

पण सगळेच तसे नव्हते, हेही सांगायला हवं. रात्रपाळी करून येणारी एक पहारेकरी बाई होती. जाडजूड, गणवेशातली. तिने फोन काढलाच नाही. खालच्या आवाजात म्हणाली, "मला रागवू नका. नुसतं विचारा, जेवलीस का म्हणून. घरी कुणी विचारत नाही." तशा आणखीही काही होत्या. त्या गेल्या की सेनोबिया वाटेपलीकडून माझ्याकडे बघत राहायची. मला म्हणाली होती, की लुस्मिला, या एवढ्या माणसांच्या घरात कुणी बोलतच नाही की काय. मी काय सांगणार? माझ्या घरीही संध्याकाळी चार माणसं चार फोन घेऊन बसतात.

महिनाभरात तिचा घसा बसला. मी कोकाच्या पाल्याचा, युकॅलिप्टसचा काढा करून द्यायचे, तो पिऊन ती पुन्हा उभी. नेहमीच्या माणसांना स्टूल मिळेना, ती एकेक करून दुसऱ्या गाळ्यांवर गेली. तिने अडवलंही नाही, अडवायला सवड कुठे होती? फक्त बेनिग्नो मास्तर दिसत नाहीत, हे तिला सलत होतं. आजारी असतील, पडले असतील, एकटा माणूस. रोज मला विचारायची. शेवटी एका सोमवारी तिने गाळ्यावर फळकूट लावलं आणि मला बरोबर घेऊन त्यांच्या घरी गेली. हातात पपईच्या रसाची बाटली.

मास्तर चांगले ठणठणीत होते. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, चहा टाकला. सेनोबियाने बसल्या बसल्या सुरू केलं, की माणसाने कळवायचं तरी, इथे आमचा जीव वरखाली होतोय. नेहमीची सवय. मास्तर ऐकत राहिले. मग म्हणाले की मी हल्ली रस प्यायला नेलीच्या गाळ्यावर जातो, बाजाराच्या मागच्या दाराने. सेनोबियाचा चेहरा उतरला. ती म्हणाली, रांगेमुळे का? उभं राहायला लागतं म्हणून? मी तुम्हाला उभं ठेवलं असतं का?

मास्तर नाही म्हणून मान हलवत राहिले. त्यांनी सांगितलं ते असं. एकदा ते मिनीबसने दवाखान्यात चालले होते. मागच्या बाकावर शाळेची पोरं. त्यांनी फोनवर ते लावलं, आणि सगळी बस हसायला लागली. ड्रायव्हरपण हसला. पोरं आवाज काढून दाखवत होती, सेनोबियाचा नाही, त्याच्या नंतरचा. कोण जास्त हुबेहूब काढतो याची चढाओढ लागली होती. मास्तर पुढच्या थांब्याला उतरले आणि उरलेला रस्ता चालत गेले.

"तुमचं बोलणं लोकांना आवडलं, सेनोबियाबाई. आवडण्यासारखंच आहे," ते म्हणाले. "पण शेवटी एक हुंदका आहे त्यात. तो माझा आहे. ओर्तेन्सियासाठीचा."

सेनोबियाच्या हातात कप होता, तो तिने खाली ठेवला. ते बोलणं तिने शेकडो वेळा ऐकलं होतं. गिऱ्हाइकं ऐकवायची, भाच्या ऐकवायच्या, रेडिओवर लागायचं. दर वेळी ती स्वतःचा आवाज ऐकायची, मी कशी बोलले, नीट बोलले का. हुंदका तिच्या कानावर पडला होता, पण तो कुणाचा हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. माझ्याही आलं नव्हतं. ती माफी मागायला लागली तर मास्तरांनी हात वर करून थांबवलं. म्हणाले, तुम्ही थोडंच केलंत. त्या मुलीनेही काही वाईट मनात आणून केलं नसेल. पण आता मला बाजारात रडता यायचं नाही, आणि घरी रडू येत नाही.

आम्ही परत निघालो. बसमध्ये दोन सीट मिळाल्या, आम्ही बसलो, ती डोळे मिटून होती.

दुसऱ्या दिवसापासून तिने झाडणं बंद केलं. रस प्यायचा तर प्या, नाहीतर वाट मोकळी करा, एवढंच सांगायची. रांगेतल्या माणसांना ते पटेना. लांबून आलोय म्हणाले. एकाने ती नाही म्हणताना तेही फोनवर घेतलं, आणि मग लोक लिहायला लागले की बाईच्या डोक्यात हवा गेली, थोडं नाव झालं की यांचे रंग बदलतात. काही दिवस तिला शिव्या खाव्या लागल्या. मग त्याही थांबल्या, कारण कुठल्याशा गावात एक पोपट प्रार्थना म्हणायला लागला होता आणि सगळे तिकडे वळले होते. चार्जरवाला आता पोपटासारखं ओरडतो.

गाळा पूर्वीसारखा झाला असं म्हणता येणार नाही. गेलेली माणसं पुरती परतली नाहीत. पहारेकरी बाई येते, रात्रपाळी संपली की. सेनोबिया तिला वाकून, हळूच काहीतरी विचारते आणि ती मान हलवते. पण इतरांशी बोलायच्या आधी सेनोबिया त्यांचे हात बघते. हातात काय आहे ते बघून मग तोंड उघडते, आणि तोवर बोलायचं ते निसटून गेलेलं असतं. घसाही पहिल्यासारखा राहिला नाही. केस मुळापासून पांढरे होत आले, पुन्हा रंगवले नाहीत.

बेनिग्नो मास्तर मात्र येतात, एक दिवसाआड. मधल्या दिवशी ते नेलीकडे जातात. तिने अडचणीच्या वेळी जागा दिली, तिला एकदम सोडणं बरं दिसत नाही, असं त्यांनी सेनोबियाला समजावून सांगितलं. ती हो म्हणाली. आले की भिंतीकडे तोंड करून बसतात.

परवा त्यांनी पेला अर्धा ठेवला. सेनोबियाने पाहिलं, फडका घेऊन ओटा पुसत राहिली. मास्तरांनी भिंतीकडचं तोंड तिच्याकडे वळवलं.

"आज काही बोलणार नाही का?"

"दमलेय हो, मास्तर."

"मीपण," ते म्हणाले आणि बसून राहिले. तिने मिक्सर धुवायला घेतला.